पत्र्याचं छत आणि पाण्याचं पिंप

मे महिना, दुपारचे दोन. शेजारच्या अक्का भिंतीला टेकून विड्या वळतायत. मांडीवर सूप, सुपात कापलेला पाला आणि तंबाखू. डोक्यावर पंखा आहे, पण बंद. लावला की तंबाखू उडते, डोळ्यांत जाते, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ ठेवलेला पाला वाळून कडक होतो. कडक पाला वळताना फाटतो, आणि फाटकी विडी कारखान्यात कुणी मोजून घेत नाही. वर पत्रा. फळीवरच्या स्टीलच्या डब्याला हात लावला तर चटका बसतो. तांब्यातलं पाणी अंघोळीला काढल्यासारखं कोमट झालेलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा येतो: सोलापूर ४४ अंश. तो आकडा खरा असतो, पण अक्कांच्या घरातला नसतो. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, हवा खेळती राहील अशा मोकळ्या जागी ठेवलेला असतो. अक्कांना तशी जागा कुठली मिळणार?

हवामानाचं आणि आरोग्याचं नातं समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. हवामान बदलतं आभाळात, माणूस आजारी पडतो घरात. मधे छत असतं, नळ असतो, कामाची जागा असते, ताटातली भाकरी असते. त्यांच्यातून गाळून हवामान आपल्या अंगापर्यंत पोचतं. म्हणून एकाच गावात एकाच दिवशी एकाला नुसता घाम येतो आणि दुसऱ्याला सलाईन लावावं लागतं.

माठ आणि माणूस

अंग थंड कसं राहतं हे बघायचं तर माठाकडे बघा. माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. आपला घामही हेच काम करतो. एक लिटर घाम अंगावर पुरता सुकला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते. आणि ही उष्णता काढावीच लागते, कारण नुसतं बसलेलं माणूससुद्धा जुन्या १०० वॅटच्या बल्बइतकी उष्णता सतत तयार करत असतं. ओझं उचलताना, माग चालवताना, ऊस तोडताना ती कितीतरी पट वाढते.

आपल्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ३५ च्या वर गेली की हीच वाट उलटी होते आणि बाहेरची उष्णता आत यायला लागते. मग घाम सुकणं एवढा एकच मार्ग उरतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळी दहा-अकरापासून संध्याकाळपर्यंत आपण सगळे या एका मार्गावर जगतो.

आता माठ कधी थंड पाणी देत नाही ते आठवा. पहिलं म्हणजे माठात पाणीच कमी असेल तर. पुरेसं पाणी न प्यालेल्या माणसाचं हेच होतं. यात बायकांची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. बाजारात बसणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या, फडात ऊस तोडणाऱ्या कितीतरी बाया दिवसभर मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण आडोशाला जायला जागा नसते. त्यांना तहान कळते, पण तहानेपेक्षा अब्रूची काळजी मोठी असते. लघवी गडद पिवळी होणं, जळजळणं, मग मुतखडा, पुढे मूत्रपिंडावर ताण असा तो प्रवास असतो. उन्हात राबणाऱ्या शेतमजुरांमधल्या मूत्रपिंडाच्या आजारांकडे आता जगभरचे डॉक्टर गांभीर्यानं बघू लागलेत. मला विचाराल तर बाजारातलं एक स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह हा उष्माघातावरचा उपायच आहे.

दुसरं म्हणजे हवा दमट असेल तर. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही, कारण हवेत आधीच पाणी भरलेलं असतं, नवं उडायला जागा नसते. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर जो आकडा दिसतो तो या दृष्टीनं जास्त बोलका. फडक्यातलं पाणी उडतं, म्हणून हा ओला आकडा साध्या आकड्यापेक्षा खाली असतो. कोरड्या हवेत ४४ अंशांना तो पंचविशीच्या आत-बाहेर राहतो. कोकणात नुसते ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर हाच आकडा ३० वर जातो. म्हणजे घामाच्या हिशेबानं कोकणातले ते ३५ जास्त अवघड. आपल्याकडे वळवाचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पारा तीन-चार अंशांनी उतरलेला असतो, तरी अंगाची काहिली जास्त होते, ती यामुळे. हा ओला आकडा ३५ च्या पुढे गेला तर धडधाकट माणूस सावलीत, पाणी पीत बसला तरी काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधीपासून अंग हार मानायला लागतं.

आपली हवा कोरडी आहे, म्हणजे घाम तरी नीट सुकावा. पण आपल्या दोन मोठ्या धंद्यांत नेमकी तीच वाट अडते. विडीच्या घरात पंखा बंद असतो ते वर आलंच. यंत्रमागाच्या शेडमध्ये सूत सारखं तुटू नये म्हणून हवा दमट लागते, वारा नको असतो, आणि मोटारींची गरमी त्यात भर घालते. बाहेर कोरडी हवा, आत कोंदट. सोलापुरी चादर आणि टॉवेल आपण अभिमानानं पाहुण्याला देतो. ती चादर विणणाऱ्याच्या पाठीवरचा घाम सुकत नाही, तो नुसता ओघळतो. ओघळलेला घाम अंग थंड करत नाही, फक्त अंगातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो.

तिसरं म्हणजे माठ जुना झाला, त्याची भोकं बुजली तर. वय वाढलं की घाम कमी येतो, तहानही उशिरा कळते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाणी आणखी कमी होतं. लहान बाळांना स्वतःहून पाणी मागता येत नाही. घरात म्हातारं माणूस आणि तान्हं मूल असेल तर उन्हाळ्यात त्यांना विचारायचं नाही, वेळ झाली की पाजायचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र पाणी नको, आईचंच दूध जास्त वेळा.

दाखल्यावर न दिसणारं ऊन

माझे एक मामा मे महिन्यात गेले. आयुष्यभर मागावर काम केलेलं, रक्तदाबाची गोळी चालू, जेवून दुपारी पडले ते उठलेच नाहीत. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलंय, आणि ते चूक नाही. पण त्या आठवड्यात पारा खाली यायचं नावच घेत नव्हता, हे त्या दाखल्यावर कुठंच नाही.

ऊन माणसाला बहुतेक वेळा असंच मारतं, दुसऱ्या आजाराच्या नावानं. अंग थंड करण्यासाठी शरीर जास्तीत जास्त रक्त कातडीकडे पाठवतं. त्यामुळे हृदयाला जास्त वेळा, जास्त जोरानं काम करावं लागतं. पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, दाब खाली येतो, मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही. आधीच थकलेलं हृदय इथं हरतं. थेट उष्माघात म्हणजे अंगाचं आतलं तापमान ४० च्या वर जाणं आणि माणूस बरळायला लागणं, बेशुद्ध होणं. तो मोजता येतो. मामांसारखे मृत्यू मोजायला दुसरी रीत लागते: त्या महिन्यात एरवी किती माणसं दगावतात आणि यंदा किती दगावली, यातला फरक काढायचा.

अहमदाबादमध्ये २०१० च्या मे महिन्यात असा हिशेब केला तेव्हा नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झालेले आढळले. त्यावरून त्या शहरानं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, भारतातला पहिला. त्यात अवघड असं काही नव्हतं. हवामानाचा अंदाज आला की दवाखाने, रुग्णवाहिका, शाळा, बांधकामाचे ठेकेदार यांना आधी कळवायचं, पाण्याची ठिकाणं वाढवायची, कामाच्या वेळा सरकवायच्या, झोपडपट्टीतली छतं पांढरी करायची. नंतर देशातल्या अनेक शहरांनी हा रस्ता धरला.

दीड-दोन अंशांनी एवढा काय फरक पडतो, असं लोक विचारतात. २०२४ हे औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त गरम ठरलेलं पहिलं वर्ष. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण समजा एका वर्गातल्या प्रत्येक पोराला पाच मार्क वाढवून दिले. वर्गाची सरासरी पाचनंच वाढेल, पण नव्वदीपार जाणारी पोरं कितीतरी जास्त होतील. सरासरी थोडी सरकली की टोकाचे दिवस असे भराभर वाढतात. आणि आजारी पाडतात ते टोकाचे दिवस.

रात्रीचा आकडा

पेपरात आपण कमाल तापमान बघतो. मी गेली काही वर्षं आधी किमान बघायला शिकलोय, आणि तुम्हीही बघा असं कळकळीनं सांगेन. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्रच असते. झोप लागताना अंगाचं आतलं तापमान उतरावं लागतं. खोलीच गरम असेल तर ते उतरत नाही, झोप मोडत राहते, आणि हृदय रात्रीही दिवसाचीच पाळी करतं. लागोपाठ तीन-चार रात्री अशा गेल्या की दुखणी बाहेर पडायला लागतात. हवामान खात्यानं यासाठी 'उष्ण रात्र' अशी वेगळी व्याख्याच केली आहे: दिवसाचं कमाल तापमान ४० किंवा जास्त आणि रात्रीचं किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त वर.

इथं छताची गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. पत्रा पातळ असतो, ऊन पडलं की झटकन तापतो आणि सूर्य बुडाला की झटकन निवतो. सिमेंटचा स्लॅब जाड, तो दिवसभर उष्णता पोटात साठवतो आणि रात्री दोन-तीनपर्यंत खालच्या खोलीत सोडत राहतो. म्हणून दिवसा घरीच बसून काम करणाऱ्या बाईला पत्रा छळतो, आणि दिवसा बाहेर राबून रात्री पाठ टेकणाऱ्याला स्लॅब. आमच्या भागातली जुनी माळवदं या दोन्हींतून वाट काढत होती. वर लाकूड, त्यावर हातभर मातीचा थर, वरून पांढरी माती. एवढी जाड माती तापायलाच संध्याकाळ व्हायची, आणि तोवर माणसं अंगणात नाहीतर वर झोपायला गेलेली असायची. माळवदाला दरवर्षी माती घालावी लागायची, पावसात गळायचं, विंचू निघायचे, ते पुन्हा बांधा असं मी म्हणणार नाही. पण त्यातली दोन तत्त्वं आजही फुकट मिळतात: छत पांढरं ठेवा आणि ऊन छताला लागूच देऊ नका.

गच्चीवर झोपायची सोय सगळ्यांना नसते हेही खरं. दाटीच्या वस्तीत बायका-मुली दार लावून आतच झोपतात. त्यांच्यासाठी रात्रीची वीज जाणं ही आरोग्याचीच अडचण असते.

पिंपाच्या तळाशी

आता पाण्याकडे. सह्याद्रीनं पाऊस अडवून घेतल्यावर जे उरतं ते आपल्या वाट्याला: वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला त्याच्या दहापट पडतो. शहराची तहान भागते ती मुख्यतः शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या उजनी धरणातून. नळाला पाणी रोज येत नाही. तीन, चार, पाच दिवसांआड ही इथली सवय झालीय. त्यामुळे घर तिथं पिंप. निळं प्लास्टिकचं, सिमेंटचं टाकं, शिवाय बादल्या, घागरी, हंडे, रांजण.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास याच पाण्याची वाट बघत असतो. त्याला गटार नको, स्वच्छ साठवलेलं पाणी हवं. लोकांना वाटतं पाऊस जास्त तिथं डेंग्यू जास्त. आमच्यासारख्या कोरड्या गावात पाण्याची टंचाईच डेंग्यूला जागा करून देते.

एखाद्या संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च लावून पिंपात बघा. पाण्याच्या अगदी वरच्या थराला बारीक, राखाडी दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काही उलटं लटकलेलं दिसेल. उजेड पडला की ते वळवळत तळाकडे पळतं. त्याच अळ्या. श्वास घ्यायला त्यांना पुन्हा वर यावं लागतं, म्हणून मिनिटभर थांबलात तर एकेक करून परत येतात. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर पिंपाच्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. पुन्हा पाणी वर चढलं की फुटतात. म्हणून पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. आतून काथ्यानं, ब्रशनं खसखसून घासावं लागतं, वरच्या कडेला जास्त.

अंड्यातून उडता डास व्हायला गरम दिवसांत सात-दहा दिवस लागतात. आणि आपल्याकडे पाणी येतं चार-पाच दिवसांनी. म्हणजे प्रत्येक पाळीला पिंप पुरतं रिकामं करून, घासून मग भरलं, तर एकही डास पूर्ण वाढू शकत नाही. पाण्याचं वेळापत्रक आपल्या बाजूनं आहे. घोटाळा होतो तो तळच्या दोन बादल्यांमुळे. ते पाणी टाकवत नाही, आणि का टाकावं? चार दिवस जपलेलं पाणी. मग त्याच्यावरच नवं पाणी ओततात, अळ्यांना मुदतवाढ मिळते. आमच्या गल्लीत काही घरांनी साधी युक्ती धरलीय: पाण्याच्या आदल्या संध्याकाळी तळचं पाणी फडक्यातून गाळून बादलीत काढायचं आणि त्यावर भांडी-फरशी उरकायची. रिकामं पिंप रात्रीच घासून उपडं घालायचं. सकाळी नळ आला की भरायचं आणि लगेच जुन्या सुती साडीचं दुहेरी कापड बांधायचं. नुसतं झाकण ठेवलं तर फट राहतेच. ज्या टाक्या रिकाम्या करता येत नाहीत त्यांत गप्पी मासे सोडायचे.

उष्णतेचा इथला संबंध जरा वळणाचा आहे. भर मे महिन्यात आपल्याकडे डेंग्यूचा जोर नसतो, कारण कडक कोरड्या उन्हात डासही तग धरत नाही. धोका असतो २५ ते ३० अंशांच्या दिवसांत, पावसाळा आणि त्यानंतरच्या महिन्यांत. डासानं आजारी माणसाचं रक्त प्यायलं तरी तो लगेच डेंग्यू देऊ शकत नाही. विषाणू त्याच्या पोटातून लाळेपर्यंत पोचावा लागतो. २५ अंशांना त्याला साधारण दोन आठवडे लागतात, ३० अंशांना आठवडाभर. डासाचं आयुष्य असतं दोन-तीन आठवड्यांचं. थंड हवेत बहुतेक डास विषाणू पिकायच्या आधीच मरतात, उबदार हवेत त्यांना चावायला दिवस उरतात. पावसाळ्यानंतर थंडी यायला जितका उशीर होईल तितका डेंग्यूचा हंगाम लांबतो.

एक गोष्ट मात्र कायम लक्षात असू द्या. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे दोन-तीन दिवस जास्त जपायचे असतात. ताप गेला पण पोटात कळा येतायत, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, माणूस गळून गेलंय, असं दिसलं तर दवाखान्यात जायचं. आणि तापात स्वतःच्या मनानं अ‍ॅस्पिरीन किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नाही.

पाणी थांबून-थांबून येण्याचा दुसरा त्रास जमिनीखाली घडतो. नळ बंद असताना पाइपात दाब नसतो. पाइपाला कुठं चीर असेल आणि शेजारून गटार जात असेल तर ते पाणी आत ओढलं जातं. पहिली काही मिनिटं नळाला गढूळ, वासाचं पाणी येतं ते यामुळे. त्यात घरोघरी नळाला थेट टुल्लू पंप लावले की ओढ आणखी वाढते. स्वतःच्या पिंपासाठी लावलेला पंप शेजाऱ्याच्या घरात घाण ओढू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. विषमज्वर, कावीळ, जुलाब हे या वाटेनं येतात. काविळीचा 'ई' प्रकार गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर तो जीवघेणा ठरण्याचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. घरात गरोदर बाई असेल तर तिच्यापुरतं तरी पाणी खळखळून उकळा, मग गॅस कितीही महाग असो.

उजनीचंही एक सांगायला हवं. पुणे-पिंपरीकडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून याच जलाशयात येतं. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे शेवाळाला खतच. त्याला कडक ऊन आणि संथ, कमी झालेलं पाणी मिळालं की उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं. काही शेवाळांची विषं उकळूनही जात नाहीत, म्हणून त्याचा बंदोबस्त घरच्या चुलीवर होणारा नाही. तो वरच्या अंगाला, सांडपाणी नदीत जाण्याआधीच करावा लागतो. आमच्या तांब्यातल्या पाण्याची चव दोन-अडीचशे किलोमीटरवर ठरते.

भाकरी, धूळ आणि पूर

ताटाबद्दल थोडं. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की गहू आणि तांदूळ यांच्या दाण्यात प्रथिनं, लोह आणि जस्त थोडं कमी भरतं. औद्योगिक काळापूर्वी हवेत तो दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. ज्वारीची अन्न तयार करायची रीत वेगळी, त्यामुळे तिला याचा फटका फारच कमी बसतो. शिवाय आपली रब्बी ज्वारी पावसाळ्यात काळ्या रानानं धरून ठेवलेल्या ओलीवर येते. मंगळवेढ्याची मालदांडी सोडून आपण उसामागे धावलो, आणि ऊस किती पाणी पितो हे आपल्याला कुणी सांगायला नको. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ताक हे जेवण दुष्काळी मुलखानं शहाणपणानं जमवलेलं आहे, असं मी मनापासून मानतो.

हवेचंही तसंच. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव आहे. आपल्याकडे मुख्य त्रास धुळीचा: उखडलेले रस्ते, बांधकामं, जाळलेला कचरा. कोरडी हवा ती धूळ खाली बसू देत नाही. दम्याच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

आणि जिथं पाऊस पडत नाही म्हणून रडतो तिथंच पूर का येतात? हवा एका अंशानं गरम झाली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. त्यामुळे पाऊस जास्त दिवस दडी मारतो आणि येतो तेव्हा एकदम कोसळतो. २०२० च्या ऑक्टोबरात पंढरपूरनं आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या काठानं ते पाहिलं. पूर ओसरल्यावर विहिरी, बोअर आणि टाक्या क्लोरीन टाकून स्वच्छ केल्याशिवाय पाणी तोंडाला लावायचं नाही. चिखलात अनवाणी फिरल्यानंतर ताप आणि पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं तर लेप्टोची (उंदीर-जनावरांच्या लघवीतून पाण्या-चिखलात येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका घेऊन दवाखान्यात चिखलात फिरल्याचं आवर्जून सांगायचं.

उन्हाळ्याआधी

उष्माघाताचं माणूस समोर पडलं तर पहिलं काम अंग थंड करायचं. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, पंख्यानं नाहीतर पुठ्ठ्यानं वारा घाला, मानेला-काखेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. खिशात कांदा ठेवण्यानं काही होत नाही, पण मीठ घातलेलं ताक आणि कैरीचं पन्हं खरोखर उपयोगी आहे. जुलाब-उलट्यांत घरी करायचं पाणी: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच धरा आणि सपाटच, मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो.

अक्कांच्या घराचं काम आम्ही मार्चमध्ये केलं. पत्र्यावर नुसता चुना धरत नाही, पहिल्या वळवालाच पापुद्रे निघतात. म्हणून कळीचा चुना रात्रभर भिजवून गाळला, त्यात फेव्हिकॉल घातला आणि आधी पत्रा घासून-धुऊन दोन हात दिले. असं पांढरं छत आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी कमी करू शकतं. वर चढताना पहाटेच चढायचं, आणि पाय ठेवायचा तो जिथं खिळे दिसतात तिथं, कारण खाली वासा असतो. मधे पाय पडला की पत्रा वाकतो. पत्र्याखाली बांबूच्या पट्ट्यांवर ज्वारीच्या कडब्याचा थर द्यायचाही विचार होता, पण खाली चूल पेटते म्हणून तो सोडून दिला, त्याऐवजी जुन्या चादरीचं छत ताणून बांधलं. विडीचं सूप आता खिडकीपासून लांबच्या भिंतीला असतं, आणि पंखा छताला न ठेवता पायाच्या बाजूला खाली ठेवलाय. वारा पोटऱ्यांना लागतो, सुपापर्यंत जात नाही. पायांवर ओलं फडकं टाकून अक्का दुपारी तो लावतात.